महाप्रकल्पांवरचे माहितीपट: प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

धरणे, पूल, बोगदे, उंच इमारती यांच्यावरचे टीव्ही माहितीपट आवडीने पाहणारा मोठा वर्ग आहे आणि त्यांच्यावर सर्वांत जास्त चिडणाराही तोच. पुढचे प्रश्न या मंडळींच्या बोलण्यात सतत येणारे आहेत. माहितीपट पाहून "मस्त होता" किंवा "बकवास होता" याच्या पुढचे काही म्हणायचे असेल, तर उत्तरांचा उपयोग होईल.

सर्वांत जास्त तक्रार कशाची असते?

तेच ते पुन्हा सांगण्याची. तासाभराच्या प्रसारणातून जाहिराती वजा केल्या की साधारण ४४ मिनिटे उरतात. चार ब्रेक धरा. प्रत्येक ब्रेकच्या आधी २० सेकंद "पुढे पाहा", नंतर ४० सेकंद "आत्तापर्यंत आपण पाहिले". झाली चार मिनिटे. सुरुवातीची दोन मिनिटांची झलक मिळवली की सहा. म्हणजे भागाचा सातवा हिस्सा उजळणीतच जातो. मधूनच चॅनेल लावणाऱ्याला धागा सापडावा म्हणून ही रचना केलेली असते. जाहिराती नसलेल्या ॲपवर हाच भाग पाहिला तरी उजळणी जात नाही, कारण संकलन तेच असते.

यावर उपाय आहे. एकाच चित्रीकरणाच्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या निघतात, निवेदकही बदलतो. जाहिराती न दाखवणाऱ्या वाहिनीसाठी केलेली आवृत्ती मिळाली तर ती पाहा. तिच्यात उजळणीच्या जागी कामाची दृश्ये असण्याची शक्यता जास्त.

"एक चूक आणि सगळे संपले!" हा थरार खरा असतो का?

धोका खरा असतो, त्याची वेळ मात्र बरेचदा संकलनाच्या टेबलावर ठरते. ओळखायच्या खुणा आहेत:

वायरलेसवरचे बोलणे नीट पाहा. क्रेनवाला आणि खालचा मुकादम दोघेही जवळून, स्वच्छ आवाजात, एकाच वेळी दिसत असतील, तर एक तर दोन कॅमेरे होते किंवा एका बाजूचे बोलणे नंतर पुन्हा घेतले. छोट्या पथकाकडे दोन कॅमेरे क्वचितच असतात.

सावल्या पाहा. "फक्त वीस मिनिटे उरली आहेत" असे निवेदन चालू असताना सावली एका दृश्यात पायाशी आणि पुढच्यात लांब पसरलेली असेल, तर ती दोन दृश्ये एका वेळची नाहीत. क्रेनचा हात कुठल्या दिशेला होता, कोणत्या खांबाच्या सळया किती वर आल्या होत्या, यावरूनही चित्रीकरणाचा क्रम कळतो.

आवाज ऐका. दूरच्या टेकडीवरून मोठ्या लेन्सने टिपलेल्या गर्डरचा (पुलाच्या आडव्या तुळईचा) कर्रकर्र आवाज कानाशी येत असेल, तर तो नंतर घातलेला आहे. टाइमलॅप्सला (ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे वेगाने दाखवण्याच्या पद्धतीला) तर स्वतःचा आवाज नसतोच.

खरा ताण कुठे असतो हे माहीत असले की बनावट ताण लगेच उघडा पडतो. काँक्रीट पंपाच्या पाइपमध्ये अडकणे हा खरा ताण. मिश्रण आत घट्ट होऊ लागले की पाइप सोडवून, साफ करून पुन्हा जोडावे लागतात आणि तोवर अर्धवट ओतलेल्या भागात नको त्या जागी सांधा पडण्याची भीती असते. बुर्ज खलिफाच्या कामात काँक्रीट ६०६ मीटर उंचीपर्यंत पंपाने चढवले गेले. उन्हाळ्यात ओतकाम रात्री करत आणि मिश्रणात बर्फ घालत. हे शांतपणे दाखवले तरी छातीत धडधडते. ढोल बडवण्याची गरज पडत नाही.

मियो (फ्रान्स) इथल्या २,४६० मीटर लांबीच्या पुलाचेही तसेच. त्याचा सुमारे ३६,००० टनांचा पोलादी तळ, म्हणजे ज्यावरून रस्ता जातो तो भाग, दोन्ही बाजूंनी खांबांवरून पुढे ढकलत आणला. हायड्रॉलिक यंत्रणा तळ किंचित उचलायची, ६०० मिलिमीटर पुढे सरकवायची, खाली ठेवायची आणि मागे येऊन पुन्हा तेच. एका फेरीला चार मिनिटे, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी तासाला जेमतेम नऊ मीटर. २८ मे २००४ रोजी दोन्ही टोके जुळली. ही संथ चाल न कापता दोन मिनिटे सलग दाखवणारा दिग्दर्शक भेटला, तर त्याचे इतर भागही शोधून पाहावेत.

टाइमलॅप्समुळे काम फार सोपे वाटते. असे का?

त्यातून थांबलेला वेळ गळून पडतो. दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले आणि सेकंदाला २५ चित्रे या वेगाने दाखवले, तर पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे कामाचे चार तास दहा मिनिटे. दोन वर्षांची चित्रे साधारण एक लाख पाच हजार होतात आणि त्यांचा सत्तर मिनिटांचा पट बनतो. त्यातून नव्वद सेकंद निवडताना पावसाचे दिवस, रात्री आणि काम बंद असलेले आठवडे आधी जातात. पुढच्या वेळी पडद्याचा एकच कोपरा धरून पाहा. काही कोपऱ्यांत बराच काळ काहीच हलत नाही. काम नेमके कशासाठी अडले होते, हा त्या भागाला विचारायचा सर्वांत चांगला प्रश्न.

"इतक्या आयफेल टॉवरएवढे पोलाद" हे कितपत खरे धरावे?

आधी कोणता आयफेल टॉवर ते विचारा. नुसत्या लोखंडी सांगाड्याचे वजन सुमारे ७,३०० टन, सगळे धरून सुमारे १०,१०० टन. कोणता आकडा घेतला त्यावर तुलना तीसेक टक्क्यांनी इकडेतिकडे होते.

मैदानांचे तसेच. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे १०५ गुणिले ६८ मीटरचे मैदान ७,१४० चौरस मीटर भरते. अमेरिकी फुटबॉलचे टोकाचे पट्टे धरूनही साधारण ५,३५०. ऑलिंपिक तलाव त्यातल्या त्यात बरा: ५० गुणिले २५ मीटर आणि २ मीटर खोली धरली की २,५०० घनमीटर. अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या भिंतीत सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट आहे, म्हणजे असे हजार तलाव. पण हजार तलाव तरी कोणाच्या डोळ्यांसमोर येतात? त्यापेक्षा रोज किती ओतले आणि ते कसे वाहून नेले, हे सांगितले तर प्रकल्प कळतो.

भाषांतरित निवेदनात आकडे चुकतात का?

हो, आणि चुकांच्या जागा ठरलेल्या आहेत. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. घाईत एक शून्य सहज सुटते. टन तीन प्रकारचे: अमेरिकी ९०७ किलो, मेट्रिक १,००० किलो, जुना ब्रिटिश १,०१६ किलो. घनयार्डाचे घनमीटर करताना ०.७६५ ने गुणावे लागते; न गुणता नुसते एकक बदलले की धरण तीस टक्क्यांनी फुगते.

सर्वांत जास्त गोंधळ मेगावॉट आणि मेगावॉट-तासाचा. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे. ही एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देता येईल याची मर्यादा. ठरावीक काळात एकूण किती वीज मिळाली ते मेगावॉट-तासात मोजतात. "वर्षाला २२,५०० मेगावॉट वीज" या वाक्याला काही अर्थच नाही. तसे ऐकू आले तर त्या भागातले बाकीचे आकडेही तपासून घ्यावेत.

काँक्रीट "वाळायची" वाट पाहतात, असे निवेदक म्हणतो. बरोबर आहे का?

नाही. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. म्हणूनच त्यावर पाणी मारतात, ओली पोती टाकतात. लवकर सुकले तर क्रिया अर्धवट राहते आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. ताकद सहसा २८ दिवसांनी मोजतात. ७ दिवसांत साधारण दोनतृतीयांश आलेली असते.

जाड ओतकामात हीच उष्णता वैरी होते. आतला गाभा तापलेला, बाहेरचा थर निवलेला. दोन्हींत फार फरक पडला की भिंत तडकते. हूवर धरणात म्हणून भिंत एकसंध न ओतता ठोकळ्या-ठोकळ्यांनी, दर थर सुमारे दीड मीटरचा असा ओतली. प्रत्येक थरात एक इंची पोलादी नळ्या घालून त्यांतून थंड पाणी फिरवले. सगळ्या मिळून ९०० किलोमीटरहून जास्त नळ्या लागल्या. थंड झाल्यावर नळ्यांमध्ये सिमेंटचा रबडा भरून त्या बंद केल्या. असल्या तपशिलाला दहा सेकंद आणि उद्‌घाटनाच्या बँडला मिनिटभर, अशी वाटणी दिसली की प्रेक्षकांनी रागवावेच.

पडद्यावर क्वचित एक छोटी चाचणी दिसून जाते, ती चुकवू नका. ३०० मिलिमीटर उंचीचा, खाली रुंद वर अरुंद असा पत्र्याचा शंकू. त्यात काँक्रीट तीन थरांत भरतात, प्रत्येक थराला सळईने २५ वेळा कोचतात, वरचा भाग सपाट करतात आणि शंकू सरळ वर उचलतात. आतला ढीग थोडा बसतो. शंकू बाजूला उभा करून, त्यावर सळई आडवी ठेवून ढीग किती बसला ते मोजतात. फार बसला तर पाणी बहुधा जास्त झाले. बसलाच नाही तर पंपातून जायला त्रास देणार. गाडी खाली करायची की परत पाठवायची, हे बरेचदा या पट्टीवर ठरते.

हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये कामगार गाडले गेले आहेत का?

नाही. एका खेपेच्या बादलीत सुमारे सहा घनमीटर काँक्रीट यायचे. सर्वांत लहान ठोकळा साडेसात मीटर चौरसाचा धरला तरी एका बादलीने पातळी दहा-अकरा सेंटीमीटरच चढते. उभा माणूस त्यात बुडू शकत नाही. भिंतीत प्रेत राहू देणे बांधकामाच्या दृष्टीनेही परवडणारे नव्हते, तिथे पोकळी राहिली असती. ही दंतकथा गूढ संगीतासह सांगून सोडून देणारा भाग पाहिला तर तसे मतात जरूर लिहा.

मग कामगारांच्या मृत्यूंबद्दल माहितीपट गप्प का असतात?

ज्याच्या परवानगीने कॅमेरा आत जातो त्याला हा विषय नको असतो. आकडे दिले तरी कशाचे ते नीट सांगत नाहीत. हूवर धरणावर अधिकृत मृत्यू ९६, पण ते कामावरच्या अपघातांचे. आजारपणातले त्यात नाहीत. पनामा कालव्याच्या अमेरिकी टप्प्यात ५,६०९ मृत्यू नोंदले गेले, त्यांत आजाराचे आणि अपघाताचे दोन्ही आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून "सुरक्षा किती सुधारली" म्हणणे चूक आहे.

चांगला माहितीपट उपाय दाखवतो. गोल्डन गेट पुलाखाली जाळे बांधले होते, त्याने १९ जणांना वाचवले. आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये एक अवजड मचाण कोसळले, ते जाळे फाडून खाली गेले, तेव्हा दहा जण दगावले. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच जाळ्याची ताकद आणि मर्यादा कळते.

बोगद्यात दोन्हीकडची माणसे भिंत फोडून हात मिळवतात, तो क्षण खरा असतो ना?

हात मिळवणे खरे असते, पण भेट त्याआधीच झालेली असू शकते. इंग्लंड-फ्रान्स समुद्राखालच्या बोगद्यात १ डिसेंबर १९९० रोजी कॅमेऱ्यांसमोर भिंत फुटली. पण ३० ऑक्टोबरलाच ५० मिलिमीटर व्यासाच्या छिद्राने दोन्ही बाजू जोडल्या गेल्या होत्या. अभियंत्यांचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. दोन्ही बाजूंच्या रेषेत आडवा फरक सुमारे ३६ सेंटीमीटर निघाला.

हा फरक कमी ठेवणे हीच बोगद्याची खरी गोष्ट. जमिनीखाली उपग्रहाची मदत नाही. मागच्या बिंदूवरून पुढचा बिंदू ठरवत जायचे, त्यामुळे बारीकशी चूक प्रत्येक टप्प्याला वाढत जाते. भिंतीलगतची हवा आणि मधली हवा यांच्या तापमानात फरक असतो, त्याने मोजणीचा प्रकाशकिरणही वाकतो. म्हणून किरण भिंतीपासून दूर ठेवतात आणि दिशा जायरोस्कोपने (फिरत्या चाकाच्या आधारे दिशा दाखवणाऱ्या उपकरणाने) ताडून पाहतात. स्वित्झर्लंडमधल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यात १५ ऑक्टोबर २०१० रोजी पूर्वेकडचा मार्ग फुटला तेव्हा फरक आडवा ८ सेंटीमीटर आणि उभा १ सेंटीमीटर होता. किती माहितीपटांत मोजणी करणारा माणूस नावानिशी दिसतो, ते मोजून पाहा.

अमेरिकेतला टॅकोमा पूल "अनुनादामुळे" पडला, असे प्रत्येक भागात सांगतात. बरोबर?

अपुरे आहे. अनुनाद म्हणजे झोपाळ्याला त्याच्याच लयीत बाहेरून धक्के मिळणे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी वारा तासाला साधारण ६४ किलोमीटर वेगाने एकसारखा वाहत होता, लयीत धक्के देत नव्हता. पुलाच्या कडेचे गर्डर जाळीचे नव्हते, भरीव पत्र्याचे होते. तळ एकदा पिळू लागल्यावर प्रत्येक पिळाने वाऱ्याचा दाब असा बदलत गेला की पुढचा पीळ आणखी मोठा. म्हणजे हेलकाव्याला लागणारी ताकद हेलकावाच वाऱ्यातून ओढून घेत होता. याला फ्लटर म्हणतात. १९५० मध्ये झालेल्या नव्या पुलाला उघड्या जाळीचे गर्डर दिले ते त्यामुळे.

त्या प्रसिद्ध चित्रफितीत आणखी एक गफलत आहे. ती सेकंदाला १६ चित्रांनी घेतलेली आणि २४ ने दाखवली जाते, त्यामुळे पूल दीडपट वेगाने नाचतो. घड्याळ लावून पाहा: खरा एक पूर्ण पीळ सुमारे पाच सेकंदांचा होता. पडद्यावर तीन-साडेतीन सेकंद लागत असतील, तर फीत पळवलेली आहे.

संगणकाची चित्रे कितपत विश्वासाची?

आतली रचना समजायला उत्तम, हालचाल समजायला धोक्याची. इमारतीचे डोलणे अनेक पटींनी वाढवून दाखवतात; विश्लेषणात ते योग्यच असते, पण पट सांगितली नाही की प्रेक्षक फसतो. तैवानमधल्या तैपेई १०१ या उंच इमारतीत टांगलेला ६६० टनांचा गोळा चित्रात घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि निवेदक भूकंपाबद्दल बोलत राहतो. त्या गोळ्याचे मुख्य काम वाऱ्याने होणारे डोलणे कमी करून वरच्या मजल्यांवरच्या माणसांना गरगरू न देणे, हे आहे.

अभियंते नावे ठेवतात तोच भाग इतरांना आवडतो. कोणाचे ऐकावे?

कशाबद्दल बोलतात त्यावर. चुकीच्या माहितीबाबत अभियंत्याचे ऐका. कुठे कंटाळा आला, कुठे कळेनासे झाले, याबाबत सामान्य प्रेक्षकाचे. क्षेत्रातल्या माणसाला न सांगताही बरेच कळते, म्हणून स्पष्टीकरणातली भोके त्याला दिसत नाहीत.

हे माहितीपट म्हणजे कंपन्यांची जाहिरातच नाही का?

काही आहेत. कंपनीचे बोधचिन्ह प्रत्येक हेल्मेटवर स्वच्छ दिसते, अडचण येते ती फक्त निसर्गाकडून, चूक कोणाचीच नसते आणि खर्चाचा शेवटचा आकडा येत नाही. हे चारही जुळले तर संशय घ्यावा. इंग्लंड-फ्रान्स बोगद्याचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला होता. एवढी गोष्ट वगळून त्याची कथा पूर्ण होत नाही. विस्थापितांचेही तेच. थ्री गॉर्जेससाठी १२ लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. "जलाशयाची जागा रिकामी करण्यात आली" या वाक्यात ते मावत नाहीत.

आपले मत कसे लिहावे म्हणजे त्याची दखल घेतली जाईल?

भागाचे नाव आणि आवृत्तीची लांबी लिहा. आक्षेप असेल तिथली वेळ मिनिट-सेकंदासह द्या. निवेदकाचे वाक्य जसेच्या तसे, त्याखाली बरोबर काय ते, एका ओळीत. "सगळे चुकीचे दाखवले" असे पत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. "१७:४० ला मेगावॉट म्हटले आहे, मेगावॉट-तास हवे" ही ओळ पुढच्या प्रसारणाआधी दुरुस्त होऊ शकते.

संकलनाबद्दल तक्रार असेल तर मधली दहा मिनिटे घ्या आणि घड्याळाने चार खाती मोजा: प्रत्यक्ष कामाची दृश्ये, संगणकाची चित्रे, मुलाखती, उजळणी. कामाची दृश्ये चार मिनिटांच्या खाली असतील तर तो आकडाच लिहा. आवडलेले दृश्यही वेळेसह नोंदवा. संथ, तपशीलवार दृश्य आवडले असे कोणी कळवलेच नाही, तर कात्री पहिली तिथेच चालते.

सरासरी तारे पाहून भाग निवडावा का?

एकट्या सरासरीवर नको. एक आणि पाच तारे देणाऱ्यांचे लेखी मत वाचा. अनेकदा दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात: "फारच तांत्रिक".

उद्‌घाटनानंतर काय झाले ते का दाखवत नाहीत?

चित्रीकरणाचे पैसे तोवर संपलेले असतात आणि फीत कापणे हा सोयीचा शेवट असतो. खरे शिकण्यासारखे पुष्कळदा त्यानंतर घडते. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोन दिवसांत बंद झाला. चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा डुलू लागला, तोल सावरायला लोक त्याच तालात पाय टाकू लागले आणि डुलणे वाढत गेले. हेलकावे शोषणारी उपकरणे बसवून २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

जपानचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर १९९४ मध्ये सुरू झाला. तळाची मऊ माती दबून बेट खचणार हे आधीच माहीत होते, पण ते अंदाजापेक्षा जास्त खचले. सप्टेंबर २०१८ च्या वादळात धावपट्टीवर पाणी आले. जुने भाग पाहताना प्रकल्पाच्या नावापुढे आजचे वर्ष घालून एकदा शोध घ्यावा, तो अशासाठी. कान्साईच्या इमारतीला सुमारे ९०० खांब आहेत. बेट सगळीकडे सारखे खचत नाही, म्हणून खांब जॅकने उचलायची सोय केलेली आहे. जो खाली गेला तो उचलायचा, बुडाशी पोलादी पट्टी सरकवायची आणि पुढच्या खांबाकडे वळायचे.